आपल्या घराचा इतिहास

मंडळी, एक सोपा प्रश्न विचारतो. आपल्या वडिलांचं नाव आपणांस ठाऊक आहे, आजोबांचंही आहे. पणजोबांचं? इथं निम्मे लोक थांबतात. खापरपणजोबांपर्यंत पोचणारा गावात एखादाच. आणि आजीच्या आईचं नाव विचारलं, तर भल्याभल्यांची मान खाली जाते. पानिपतची लढाई कोणत्या साली झाली हे शाळेतलं पोर सांगतं. पण आपलं घर या गावात कोणत्या साली आलं, हे त्याच्या बापालाही सांगता येत नाही.

पूर्वी हे लक्षात ठेवण्याचं काम काही माणसांनी अंगावर घेतलं होतं. सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडे कर्नाटक या पट्ट्यातल्या जाणत्या मंडळींना हेळवी आठवत असेल. सुगी झाली की बैलावर बसून, पाय कापडानं झाकून तो दारात यायचा. कानडीत ‘हेळव’ म्हणजे पांगळा, त्यावरून हे नाव. दारात आला की घराण्याचा मूळ पुरुष, त्याची मुलं, मुलांची मुलं अशी वेल एका दमात म्हणून दाखवी. मूळ गाव कोणतं, तिथून कुठं आले, कोणती शाखा कुठं गेली, सारं त्याच्या तोंडी. आपण त्याला धान्य घालायचं, ऐपतीप्रमाणे कापड-पैसा द्यायचा आणि नव्या जन्मलेल्या पोराचं नाव सांगायचं. भिक्षेकरी म्हणून त्याला ओट्यावरून परत पाठवणाऱ्यांनी आपलाच दप्तरदार परत पाठवला, असं मला वाटतं. दुसरी नोंद नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे. आपला पूर्वज यात्रेला गेला, की उपाध्याय आपल्या नामावळीत त्याचं नाव, गाव, बरोबरची माणसं लिहून घेई. जुन्या नोंदी पुष्कळदा मोडीत आहेत, म्हणजे वाचणारा शोधावा लागतो, पण कागद आहे.

तरीही या चोपड्यांना मर्यादा आहे. वंशाची वेल चालते ती मुलग्यांच्या वाटेनं. आजीच्या आईची नोंद असलीच, तर ती दुसऱ्याच कुळाच्या चोपडीत. शिवाय चोपडी सांगते, अमक्याचा मुलगा तमक्या गावी आला. तो का आला? दुष्काळानं, भाऊबंदकीनं, की सावकाराच्या जाचानं? चोपडी तिथं गप्प बसते.

हा केवळ आपलाच अनुभव नाही. थोडं दूर, साता समुद्रापलीकडे जाऊ. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर पाहिजे होते. मग करारानं बांधून हिंदुस्थानातली माणसं नेली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी छत्तीस जण मॉरिशसला उतरले. ३० मे १८४५ ला ‘फतेल रझाक’ जहाज वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटाला लागलं. पुढं १९१७ पर्यंत त्या एका बेटावर सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार माणसं गेली. वेस्ट इंडीजला गेलेले बहुतेक बिहार, संयुक्त प्रांत आणि मद्रासकडचे. मॉरिशसला मात्र आपली कोकणातली माणसंही गेली. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात आणि जाखडी नाचतात.

या प्रत्येक माणसाचा सरकारी कागद होता. नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, उंची, अंगावरची खूण. मॉरिशसमध्ये तर पुढं छायाचित्रंही काढली. हेतू एवढाच, की मजूर पळाला तर ओळखता यावा. पण आज नातवंडं-पतवंडं तोच कागद घेऊन आपलं गाव शोधत येतात. त्रिनिदादच्या पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर २०१२ साली बिहारातल्या बक्सर जिल्ह्यात भेलूपूर या आपल्या पणजोबांच्या गावी आल्या, ते सर्वांनी वाचलंच असेल. गंमत अशी की कारकुनानं कानावर पडलं तसं नाव लिहिलं, गावाचं नाव बिघडवलं. तेव्हा घरात आजी जे सांगायची ते आणि कागद, ही दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय गाव सापडत नाही. कागदावर कपाळाची जखम आहे. ती कशानं झाली, हे आजीलाच ठाऊक.

आता आपल्या सोलापुराकडे पाहा. इथला पद्मशाली विणकर तेलंगणातून आला. १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली आणि खेड्याखेड्यांतून माणसं कामाला लोटली. त्या गिरण्या पुढं एकामागून एक बंद पडल्या. १९३० च्या लष्करी कायद्यानंतर, १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे फासावर गेले. ही नावं शहरानं जपली. पण त्या मे महिन्यात ज्या घरांतल्या बाया दार लावून, दिवा मालवून बसल्या, त्यांचं काय? ते कुणी लिहिलं? उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं, आणि हेळव्याच्या चोपडीतली कित्येक मूळ गावंच पाण्याखाली गेली. ज्यांनी त्या गावात चूल पेटवली ती माणसं आता थकली आहेत.

बायकांनी आपला इतिहास जात्यावर सांगितला. हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, तरी त्या अजून म्हणता येणाऱ्या म्हाताऱ्या सापडल्या म्हणून हे झालं.

गुरुजी, तुमच्या कपाटात शाळेचं जनरल रजिस्टर आहे. मुलाचं नाव, जात, जन्मगाव, शाळा सोडल्याचं कारण. जहाजाच्या कागदापेक्षा ते काय वेगळं? त्यातली पन्नास वर्षांपूर्वीची आजोबांची नोंद पोराला दाखवा आणि ‘घरी जाऊन विचार’ म्हणून सांगा. म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, त्यानं अडू नये. ‘बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाल्ली तेव्हा तुझा बाप रांगत होता’, ‘किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी हे घर बांधलं’, असं बोलतात. त्यावरून १९७२ आणि १९९२ आपणच मांडायचं. थोरली आत्या एक सांगेल, धाकटे काका दुसरं. दोन्ही लिहा, खाली सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घाला. भांडण मिटवायला बसू नका. शंभर पानी वही पुरे. मोबाइलवर आवाज धरून ठेवलात तर आणखी बरं, पण तो मोबाइल बिघडतो, म्हणून वहीतही उतरवा.

आणि पहिल्या पानावर आजीचं माहेरचं नाव आणि माहेरचं गाव लिहा. लग्नात नाव बदललं असेल, तर तेही.