खांदा, पाव आणि प्लॅटिनम : पॅरिस, १८९३

पॅरिसमधील एका ३७ वर्षीय बेकरी कामगाराचा खांदा क्षयाने पोखरला होता. हात मुळापासून कापून टाकणे, हा त्या काळचा रूढ उपाय. त्याने जीव वाचला असता; पण कणीक तिंबणाऱ्याचे पोट दोन्ही हातांवर असते. त्याने नकार दिला.

मग शल्यविशारद झ्यूल-एमिल पेआँ यांनी सडलेले हाड काढून कृत्रिम सांधा बसवला. तो घडवला होता जे. पोर्टर मायकल्स या दंतवैद्याने : प्लॅटिनमची दांडी आणि पॅराफिनमध्ये उकळून टणक केलेल्या रबराचा गोळा. (दंतवैद्यच का? कवळ्या तेव्हा टणक रबराच्याच बनत.) या शस्त्रक्रियेचे श्रेय पेआँ यांना मिळाले, ते रास्तच, मात्र ती घडली रुग्णाच्या हट्टामुळे.

हात पुन्हा चालू लागला. परंतु क्षय शरीरातच होता आणि त्यावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा. संसर्ग बळावत गेला आणि सुमारे दोन वर्षांनी पेआँ यांना तो सांधा काढावा लागला.

खांद्याच्या कृत्रिम सांध्याला पुन्हा चालना मिळाली ती १९५० च्या दशकात, न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअर यांच्यामुळे. त्यांचे रुग्ण मुख्यत्वे खांद्याचे हाड मोडलेले होते. पेआँ यांचा सांधा आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.