डॅम्पर डायोड : वीजपुरवठ्यातील वापर

जुन्या व्हॉल्व्हच्या दूरचित्रवाणी संचातील डायोड नलिका. ध्वनिवर्धकाच्या वीजपुरवठ्यात एकदिशकारक म्हणूनही ती उत्तम चालते. पीवाय८८, ईवाय८८, ६एएक्स४ आणि रशियन ६डी२२एस हे तिचे परिचित प्रकार.

६२५ रेषांच्या संचात पडद्यावर सेकंदाला १५,६२५ आडव्या रेषा उमटतात. प्रत्येक रेषा संपली की विक्षेपण गुंडाळीत उरलेली ऊर्जा डॅम्पर मंडलात परत आणतो. या कामात त्याच्यावर काही हजार व्होल्टचा उलटा दाब येतो, त्यामुळे ध्वनिवर्धकाचे चार-पाचशे व्होल्ट तो सहज पेलतो. कॅथोड तापायला साधारण अर्धा मिनिट लागतो, तोवर इतर व्हॉल्व्हही गरम झालेले असतात. ५यू४ या एकदिशकारक नलिकेत तंतू हाच कॅथोड असल्याने दाब काही सेकंदांत चढतो. या बाबतीत डॅम्पर सरस आहे.

एका नलिकेत एकच डायोड असतो. मध्यबिंदू काढलेल्या रोहित्राला म्हणून दोन नलिका लागतात. खरी अडचण तंतूच्या पुरवठ्याची. ईवाय८८ ६.३ व्होल्टवर चालते. पीवाय८८ला ३० व्होल्ट, ०.३ अँपिअर लागतात, कारण ती संचातील तंतूंच्या एकसरी साखळीसाठी घडवलेली होती. तिच्यासाठी वेगळे रोहित्र गुंडाळून घ्यावे. गाळणीतले पहिले धारित्र वाजवीपेक्षा मोठे घेतल्यास प्रवाहाचे धक्के कॅथोडचे आयुष्य खातात.

या नलिका शोधायच्या कुठे? महाराष्ट्रात दूरचित्रवाणी २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत सुरू झाली. तिथून सरळ रेषेत सुमारे आठशे किलोमीटरवरच्या गोंदियापर्यंत ते प्रक्षेपण पोचणे शक्यच नव्हते. देशभर क्षेपकांचे जाळे १९८२नंतर पसरले, तोवर नव्या संचांत व्हॉल्व्हची जागा बहुतांशी अर्धसंवाहकांनी घेतली होती. त्यामुळे गोंदियाकडच्या झाडीपट्टीतल्या हौशी जोडणाऱ्याने मोडीतल्या टीव्हीपेक्षा मोठ्या शहरांतल्या जुन्या मालाकडे पाहावे.

पीवाय८८च्या डोक्यावरची टोपी म्हणजे कॅथोड. संचात तिच्या शेजारी असणाऱ्या पीएल५०४ या आडव्या विक्षेपणाच्या नलिकेची टोपी मात्र प्लेटची असते, आणि सवयीने इथेच घोटाळा होतो. वीजपुरवठ्यात या कॅथोडवर पूर्ण उच्च दाब उभा असतो. टोपीवर विद्युत्‌रोधक आवरण हवेच. हात लावण्यापूर्वी वीज बंद करावी, रोधकातून धारित्रे रिकामी करावीत आणि दाब उतरल्याची मीटरने खात्री करून घ्यावी.