पेट्रोल टाकी, मोटारसायकलची : क्षमतावाढ

मोटारसायकलच्या कारखानी टाकीऐवजी अधिक लिटरची टाकी बसवणे किंवा मूळ टाकी ठेवून जोडटाकी लावणे. एका भरणीत गाडी किती अंतर कापते, म्हणजे तिचा पल्ला, तो वाढवणे हा यामागचा हेतू. येथे मुख्यतः लोहा (जि. नांदेड) आणि नांदेड-लातूर पट्ट्यात चालणाऱ्या प्रवासी गाड्यांचा विचार केला आहे, शर्यतीच्या गाड्यांचा उल्लेख तुलनेपुरता येतो.

रचना : प्रवासी मोटारसायकलची टाकी बहुधा पोलादी पत्र्याची असते. पत्र्याचे भाग दाबयंत्रावर घडवून कडेने वेल्डिंगने सांधतात. तळाला लांबट खाच असते. चेसीची वरची नळी या खाचेत बसते आणि पेट्रोल नळीच्या दोन्ही अंगांना विभागले जाते. टाकी पुढे रबरी ठोकळ्यांवर टेकते व मागे बोल्टने आवळली जाते. झाकणातील बारीक भोकातून हवा आत येते. हे भोक बुजले तर टाकीत निर्वात तयार होतो, पेट्रोल उतरणे थांबते आणि भरल्या टाकीनेही गाडी बंद पडते.

क्षमता व पल्ला : हिरो स्प्लेंडर प्लसची टाकी ९.८ लिटरची, बजाज प्लॅटिनाची ११ लिटरची, तर रॉयल एनफिल्ड हिमालयनच्या २०१६ च्या पहिल्या आवृत्तीची १५ लिटरची आहे. लिटरला ६० किमी धरले तर ९.८ लिटरमध्ये सुमारे ५८८ किमी होतात. पल्ला ठरतो तो टाकी आणि इंजिनाची भूक या दोहोंवर. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० ही चार-स्ट्रोक गाडी आली. राजदूतसारख्या दोन-स्ट्रोक गाड्या चालवणाऱ्या ग्रामीण ग्राहकाचा पल्ला त्यानंतर वाढला, तो इंजिनामुळे.

कंपनीने सांगितलेली क्षमता आणि पंपावर मावणारे पेट्रोल यांत फरक आढळतो व त्यावरून वादही होतात. वाफेसाठी राखलेली मोकळी जागा गळ्यापर्यंत भरताना वापरली जाते, हे त्याचे एक कारण दिले जाते.

बसवण्याच्या पद्धती : तीन पद्धती रूढ आहेत. (१) दुसऱ्या मॉडेलची मोठी टाकी बसवणे. खाचेची रुंदी, पुढच्या ठोकळ्यांची जागा, मागच्या बोल्टचे अंतर आणि सीटचे टोक ही चारही मापे जुळली तरच टाकी नीट बसते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ते टाकीला लागत नाही, हेही पाहावे लागते. (२) मूळ टाकी कापून पत्रा वाढवणे. (३) सीटच्या मागे किंवा बाजूला जोडटाकी लावणे.

लोह्यासारख्या तालुक्याच्या गावी मिस्त्री, वेल्डर आणि डेंटर-पेंटर हे वेगवेगळे कारागीर असतात. टाकीचे काम तिघांच्या हातून जाते आणि अंतिम तपासणी कोणाचीच जबाबदारी राहत नाही. जोडणी संपल्यावर एकाच जाणत्या मिस्त्रीने टाकी, कॉक (पेट्रोलची तोटी) आणि पाईप सलग तपासणे अगत्याचे आहे.

इंधनमार्ग : या कामात सर्वाधिक चुका येथे होतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल केवळ उंचीमुळे खाली येते. रुंद टाकीचे दोन्ही गाल कार्ब्युरेटरच्या पातळीखाली उतरले, तर तेवढे पेट्रोल गाडीला कधीच मिळत नाही. शिवाय कॉक एकाच बाजूला असेल, तर खाचेपलीकडच्या बाजूचे पेट्रोल तेथेच अडकते. त्यासाठी दुसरा कॉक किंवा दोन्ही बाजू जोडणारा पाईप लागतो. तो नसेल तर १५ लिटरची टाकी व्यवहारात १२-१३ लिटरचीच ठरू शकते.

रिझर्व्ह हा कॉकमधील नळीच्या उंचीचा प्रश्न आहे. मुख्य नळी उंच आणि रिझर्व्हची बुटकी असते. टाकी बदलून जुनाच कॉक लावला, तर रिझर्व्हचे लिटर बदलतात. गाडी रिझर्व्हला आल्यावर किती चालते, हा मालकाचा जुना हिशेब मग लागू पडत नाही. तो नव्याने बसवावा लागतो.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानक लागू झाले आणि प्रवासी गाड्यांतही फ्युएल इंजेक्शन सर्रास आले. अशा बहुतेक गाड्यांत पंप व पातळी दाखवणारा फ्लोट टाकीच्या आत असतो आणि वाफ कॅनिस्टरकडे नेणारी नळी टाकीला जोडलेली असते. येथे नुसता पत्र्याचा डबा बदलून भागत नाही. जुन्या मिस्त्रीला सोपे वाटणारे हे काम या गाड्यांत करू नये, हाच सल्ला योग्य.

वजन व तोल : एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो. १० लिटर वाढवले तर साडेसात किलो इंधन आणि त्यावर टाकीचे वजन वाढते. हा भार उंचावर आणि पुढे येतो. अर्धवट भरलेल्या रुंद टाकीत पेट्रोल हिंदकळते व वळणावर ते जाणवते.

उन्हाळा : नांदेड-लातूर भागात मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो. पेट्रोल दर अंशाला सुमारे ०.१ टक्का फुगते. १५ लिटरचे पेट्रोल २० अंशांनी तापले तर सुमारे ३०० मिली जास्त जागा मागते. टाकी गळ्यापर्यंत भरून गाडी उन्हात लावू नये.

लोहा परिसरातील गरज : नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग ३६१ नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर असा जातो. लोहा-नांदेड अंतर सुमारे ३५ किमी. वरच्या हिशेबाने स्प्लेंडरची भरलेली टाकी नांदेडच्या आठ फेऱ्यांना पुरते. मार्गशीर्षात याच तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा दुरून मोटारसायकलने येणाऱ्यांनाही कारखानी टाकी कमी पडण्याचे कारण नाही. खरी अडचण महामार्ग सोडून आतल्या वाड्या-तांड्यांवर येते. तेथे किराणा दुकानातल्या बाटलीतले पेट्रोल आजही आधार ठरते, मात्र त्याच्या शुद्धतेची आणि मापाची खात्री नसते.

पुरवठा खंडित होण्याचा प्रसंग निराळा. नव्या न्याय संहितेतील अपघातविषयक तरतुदीविरुद्ध १ व २ जानेवारी २०२४ रोजी मालवाहू वाहनांच्या चालकांनी संप केला. टँकर थांबले आणि राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. अशा वेळी उपयोग होतो तो भरलेल्या टाकीचा. मोठी असून रिकामी असलेली टाकी कामाची नसते.

लांब पल्ल्याच्या गाड्या : पॅरिस-डाकार शर्यतीच्या (पहिली १९७८-७९) प्रभावातून मोठ्या टाक्यांच्या गाड्या बाजारात आल्या. यामाहा एक्सटी ६०० झेड तेनेरेची (१९८३) टाकी ३० लिटरची, तर बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस पॅरिस-डाकारची (१९८४) ३२ लिटरची होती. भारतात लडाखकडे जाणाऱ्यांना पुढचा पंप ३६५ किमीवर असल्याचा तांडी येथील फलक परिचित आहे. बहुतेक जण तेथून पुढे कॅन बांधून नेतात.

महाराष्ट्रातील उत्पादन : मराठवाड्यात बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ पासून आहे. कंपनीची व्ही १५ ही गाडी फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर झाली. तिच्या १३ लिटरच्या टाकीत विमानवाहू नौका आयएनएस विक्रांतचे पोलाद वापरल्याचे कंपनीने सांगितले. ही नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली, त्यानंतर मुंबईत संग्रहालय म्हणून राहिली आणि २०१४ मध्ये भंगारात विकली गेली. ५ जुलै २०२४ रोजी पुण्यात आलेल्या बजाजच्याच फ्रीडम १२५ मध्ये सीटखाली २ किलो सीएनजीचा सिलिंडर आणि २ लिटरची पेट्रोल टाकी आहे. दोन्ही मिळून ३३० किमी पल्ल्याचा कंपनीचा दावा आहे.

कायदा : मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा आहेत. टाकीचे लिटर नोंदणी पुस्तिकेत लिहिलेले नसतात, त्यामुळे केवळ टाकी बदलणे यात कितपत बसते याविषयी मतभेद आहेत. काम करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात (नांदेड एमएच २६, लातूर एमएच २४) विचारून घ्यावे आणि विमा कंपनीला कळवावे.

सुरक्षितता : रिकामी टाकी भरलेल्या टाकीइतकीच, किंबहुना अधिक धोक्याची असते. हवेत पेट्रोलची वाफ दीड ते साडेसात टक्क्यांच्या आसपास असली की ठिणगीने स्फोट होतो, आणि रिकाम्या टाकीत नेमकी अशी वाफ उरते. वेल्डिंगपूर्वी टाकी पूर्ण उतरवावी, वारंवार धुवावी आणि शक्य तितकी पाण्याने भरून मगच ज्योत लावावी. घाईने हा नियम मोडण्याची किंमत कारागिराच्या जिवाने मोजली जाते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषते, म्हणून वाढवलेल्या टाकीचे सांधे आतून गंजरोधक लेप देऊन घ्यावेत.

रंगकाम : गळतीची चाचणी झाल्यावरच करावे.

पर्याय : कार्ब्युरेटरची सफाई, टायरमधील योग्य हवा व घट्ट झाकणाचा प्रमाणित कॅन. पेट्रोलियम अधिनियम १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल, भांड्याविषयीच्या अटी पाळून, परवान्याविना बाळगता येते. नांदेड-लातूर पट्ट्यातील नेहमीच्या वापरासाठी मोठ्या टाकीआधी हे उपाय करून पाहणे श्रेयस्कर.