सर्जनशील समस्या-निराकरण : विद्यार्थी-संघाचा प्रशिक्षक

एकच ठरावीक उत्तर नसलेला प्रश्न स्वतःच्या कल्पनेने सोडवण्यासाठी विद्यार्थ्यांच्या लहान संघाला तयार करणारी व्यक्ती. ही भूमिका मुख्यतः अमेरिकेतील शालेय स्पर्धांमधून घडली. खेळातला प्रशिक्षक डावपेच आखून देतो. या प्रशिक्षकाला मात्र उत्तराची एकही कल्पना सुचवण्याची मुभा नसते. बहुतेक प्रशिक्षक शिक्षक किंवा पालक असतात आणि विनामूल्य काम करतात.

या पद्धतीचे मूळ जाहिरात-व्यवसायात आहे. जाहिरात-संस्थेचे संचालक ॲलेक्स ऑस्बर्न यांनी १९५३ मध्ये ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या पुस्तकात विचारमंथनाचे नियम सविस्तर मांडले : सुचलेल्या गोष्टीवर लगेच टीका करायची नाही, अचाट कल्पनांचे स्वागत करायचे, जितक्या सुचतील तितक्या काढायच्या आणि एकमेकांच्या कल्पना जोडून पुढे न्यायच्या. बफेलो येथे सिडनी पार्न्स यांनी या नियमांना शिक्षणक्रमाचे रूप दिले. सर्जनशीलतेच्या चाचण्यांसाठी ओळखले जाणारे मानसशास्त्रज्ञ पॉल टॉरन्स यांनी त्याच पायावर १९७४ मध्ये जॉर्जिया राज्यात ‘फ्यूचर प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ हा उपक्रम सुरू केला.

हाताने वस्तू घडवण्याला सर्वाधिक वाव देणारी स्पर्धा म्हणजे ‘ओडिसी ऑफ द माइंड’. न्यू जर्सीतील ग्लासबरो स्टेट कॉलेजमध्ये सॅम्युअल मिक्लस हे प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना चाके नसलेले वाहन किंवा तळे ओलांडणारे तरंगते साधन बनवायला सांगत. त्यातून १९७८ मध्ये त्या राज्यातील २८ शाळांची स्पर्धा झाली. आज संघात जास्तीत जास्त ७ विद्यार्थी असतात. वाहन, यंत्र, अभिजात साहित्य-कला, रचना आणि नाट्य अशा पाच प्रकारांतला एक प्रश्न ते निवडतात, काही महिने त्यावर काम करतात आणि ८ मिनिटांत उत्तर रंगमंचावर सादर करतात. साहित्यावर किती खर्च करायचा, यालाही मर्यादा असते. पारंपरिक गुणविभागणी दीर्घकालीन प्रश्नाला २००, सादरीकरणाच्या शैलीला ५० आणि ऐनवेळच्या प्रश्नाला १०० अशी आहे. १९९९ मध्ये या चळवळीतून ‘डेस्टिनेशन इमॅजिनेशन’ ही वेगळी स्पर्धा निघाली. तिथे प्रशिक्षकाला संघ-व्यवस्थापक म्हणतात.

बाहेरच्या मदतीला बंदी हा या स्पर्धांचा कणा आहे. कल्पना, आराखडा, संवाद, शिवण, रंगकाम, सुतारकाम हे सारे संघाचेच असावे लागते. तसे आहे, असे लेखी निवेदन संघाला द्यावे लागते आणि नियम मोडल्यास गुण कापले जातात. मात्र कौशल्य शिकवायला मनाई नाही. मुलांनी विचारले, तर करवत कशी धरायची, शिवणयंत्रात दोरा कसा ओवायचा, परिपथ कसा जोडायचा हे प्रशिक्षक दाखवू शकतो किंवा एखाद्या जाणकाराला बोलावू शकतो. पण ते कौशल्य कुठे वापरायचे, हे मुलांनीच ठरवायचे.

रचनेच्या प्रश्नात हा फरक उघड दिसतो. बाल्सा लाकडाच्या, एक अष्टमांश इंच जाडीच्या काड्या सरसाने जोडून मुले जेमतेम १५ ते १८ ग्रॅम वजनाचा मनोरा उभारतात. चांगला मनोरा शेकडो पौंडांचा भार पेलतो. सरावात तो कोसळला की ‘इथे तिरपी काडी लावा’ हे वाक्य प्रशिक्षकाच्या जिभेवर येते आणि ते त्याने गिळायचे असते. ‘काय झालेलं दिसलं?’, ‘प्रश्नात नेमकं काय मागितलंय?’, ‘पुढच्या वेळी काय बदलून बघायचंय?’ एवढेच विचारता येते. प्रश्नातच उत्तर दडवले, तर तीही मदतच ठरते. पोटचे मूल संघात असलेल्या पालकाला हे सर्वांत जड जाते. तरीही ही बंदी शिथिल करू नये. प्रौढ माणसाने सुचवलेला मनोरा उभा राहिला, तरी मुलांच्या हाती त्यातले फारसे काही उरत नाही. वेळापत्रक सांभाळणे, नियम पुन्हा वाचायला लावणे, भांडणे मिटवणे, दबून राहिलेल्या मुलाला बोलते करणे ही कामे पूर्णतः प्रशिक्षकाची, आणि ती लहान नाहीत.

विचारमंथन घेतानाही डोळसपणा हवा. १९५८ मध्ये येल विद्यापीठातील टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी दाखवले की, एकत्र बसलेल्या गटापेक्षा तितक्याच माणसांनी एकेकट्याने काढलेल्या वेगवेगळ्या कल्पनांची बेरीज अधिक भरते. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे यांनी त्याचे मुख्य कारण सांगितले : एक बोलत असताना इतरांना थांबावे लागते. म्हणून आधी प्रत्येकाने गप्प बसून लिहायचे आणि मगच मांडायचे, हा क्रम चांगला. मोठ्या आवाजाच्या मुलापुढे इतरांच्या कल्पना विरून जाण्याचा धोकाही त्याने घटतो.

ऐनवेळच्या प्रश्नाला संघ बंद खोलीत सामोरा जातो आणि प्रशिक्षक बाहेर थांबतो. प्रश्न तोंडी असतो, हातकामाचा असतो किंवा दोन्हींचा मिळून. नेहमीच्या उत्तरापेक्षा कल्पक उत्तराला जास्त गुण असल्याने सरावात पहिल्यांदा सुचेल ते बोलून मोकळे करण्याची आणि त्यापुढे जाण्याची सवय लावावी लागते.

‘ओडिसी ऑफ द माइंड’मध्ये असामान्य सर्जनशीलतेसाठी ‘रॅनाट्रा फस्का’ नावाचा सन्मान दिला जातो. पाण्यातल्या एका किड्याचे हे शास्त्रीय नाव आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका संघाने त्याच्या चालीवर बेतलेले तरंगते वाहन आणले होते. ते मार्ग पूर्ण करू शकले नाही. पण कल्पना इतकी धाडसी होती की तिच्यासाठी वेगळा सन्मान निर्माण झाला. हमखास चालणारे उत्तर निवडायला संघावर दबाव न आणणाऱ्या प्रशिक्षकालाच असे संघ मिळतात.

टॉरन्स यांच्या उपक्रमात प्रशिक्षकाला शिकवायला अधिक जागा आहे. तिथे ४ जणांचा संघ भविष्यातील एका परिस्थितीचे वर्णन वाचतो आणि २ तासांत सहा टप्प्यांचे उत्तर लिहितो : अडचणी शोधणे, मूळ प्रश्न ठरवणे, उपाय सुचवणे, निकष निवडणे, त्यांवर उपाय तोलणे आणि कृती-आराखडा लिहिणे. विषय आधी जाहीर होत असल्याने प्रशिक्षक वर्षभर त्याचे वाचन करून घेतो, सरावाच्या उत्तरपत्रिकांवर आलेले परीक्षकांचे शेरे संघासोबत वाचतो आणि दुसरा टप्पा पुन्हा पुन्हा लिहून घेतो. मूळ प्रश्न ढिला राहिला, तर पुढचे चारही टप्पे भरकटतात.