बर्नली आणि वीस पौंडांची मर्यादा

लँकेशायरमधील बर्नली हे सुती कापडाच्या मागांवर वाढलेले, जेमतेम ऐंशी हजार वस्तीचे गाव. त्याच्या फुटबॉल क्लबाने 2 मे 1960 रोजी मँचेस्टर सिटीला तिच्याच मैदानावर 2-1 असे हरवले आणि बलाढ्य वुल्व्हरहॅम्प्टनला एका गुणाने मागे टाकून इंग्लंडचे विजेतेपद पटकावले. या यशाचे श्रेय सहसा जिद्दीला दिले जाते, पण जिद्दीइतकाच वाटा तत्कालीन नियमांचा होता. 1901 पासून लागू असलेल्या कमाल वेतनमर्यादेमुळे, म्हणजे कोणत्याही क्लबाने खेळाडूला ठरावीक रकमेहून अधिक पगार देऊ नये या बंधनामुळे, 1958 नंतर लंडनच्या धनाढ्य क्लबालाही आठवड्याला वीस पौंडांच्या पुढे जाता येत नसे. शिवाय करार संपला तरी क्लबाच्या संमतीवाचून खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे आणि पाहुण्या संघाला तिकीटविक्रीतला वाटा मिळत असे. या आडोशाखाली बर्नलीने गॉथॉर्प येथे 1955 मध्ये स्वतंत्र सराव मैदान उभारले, ईशान्य इंग्लंडमधून होतकरू मुले हेरून आणली आणि असा संघ घडवला की विजेत्या खेळाडूंपैकी केवळ जिमी मॅकिलरॉय आणि अ‍ॅलेक्स एल्डर यांच्यासाठीच त्याला दुसऱ्या क्लबांकडे पैसे मोजावे लागले.

मात्र हा समतोल खेळाडूंच्या हक्कांना मुरड घालून साधलेला होता, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाणे न्याय्य नाही. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखालील खेळाडूंच्या संघटनेने संपाचा इशारा दिल्यावर जानेवारी 1961 मध्ये वेतनमर्यादा रद्द झाली आणि फुलहॅमचा जॉनी हेन्स लवकरच आठवड्याला शंभर पौंड घेऊ लागला. 1963 मध्ये जॉर्ज ईस्टहॅम या फुटबॉलपटूच्या खटल्यात न्यायालयाने खेळाडूला अडकवून ठेवण्याची प्रथाही अवाजवी ठरवली. बर्नली 1962 मध्ये लीग आणि एफए कप या दोन्हींत उपविजेता राहिला, पण त्यानंतर त्याची खेळाडू घडवण्याची रीत तीच राहून तिचा हेतू पालटला: मॅकिलरॉय स्टोक सिटीकडे, विली मॉर्गन मँचेस्टर युनायटेडकडे, राल्फ कोट्स टॉटनहॅमकडे आणि मार्टिन डॉब्सन एव्हर्टनकडे गेला, आणि खेळाडूंच्या विक्रीवर क्लबाचा संसार चालू लागला. 1971 मध्ये संघ पहिल्या श्रेणीतून घसरला. 1983 मध्ये लीग सामन्यांच्या तिकिटांचे सारे उत्पन्न यजमानालाच मिळू लागल्यावर मोठ्या मैदानांचे क्लब आणखी पुढे गेले, आणि 1987 मध्ये हा माजी विजेता चौथ्या श्रेणीतूनही बाहेर फेकला जाण्यापासून केवळ अखेरच्या सामन्यातील विजयामुळे वाचला.