अंश, छेद आणि एका पदवीचा अभ्यासक्रम

१/ रुग्णालयाच्या दारात आलेला रुग्ण डॉक्टरांना दिसतो. जो दारापर्यंत पोहोचलाच नाही, त्याची मोजदाद कोणी करायची? सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीचा, म्हणजे एम.पी.एच.चा, अभ्यासक्रम समजून घ्यायचा तर हा प्रश्न हाती असावा लागतो. बाल्टिमोर ते गडचिरोली. #थ्रेड

२/ १९१५ साली रॉकफेलर प्रतिष्ठानासाठी विल्यम वेल्च आणि विक्लिफ रोझ यांनी या शिक्षणाचा आराखडा लिहिला. रोझ यांनी अमेरिकेच्या दक्षिण भागात अंकुशकृमीविरुद्ध मोहीम चालवली होती; त्यांचा भर प्रत्यक्ष क्षेत्रकार्यावर होता. वेल्च विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांना संशोधनसंस्था हवी होती.

३/ अंतिम मसुद्यावर ठसा उमटला तो वेल्च यांचा. १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची निवड झाली आणि १९१८ च्या शरद ऋतूत, इन्फ्लुएंझाची साथ ऐन भरात असताना, तेथे अध्यापन सुरू झाले.

४/ प्रयोगशाळेतील विषयांच्या जोडीला तेथे दोन विषय रुजले : रेमंड पर्ल यांची जीवसांख्यिकी आणि वेड हॅम्पटन फ्रॉस्ट यांचे साथरोगशास्त्र. दोहोंचा पाया शाळकरी अपूर्णांकाचा. पन्नास रुग्ण हा केवळ अंश झाला. ते शंभरांतले की दहा हजारांतले, हे छेद सांगतो.

५/ छेद मात्र प्रयोगशाळेत सापडत नाही. त्यासाठी घरोघर जावे लागते. १९३२ मध्ये विद्यालयाभोवतालची वस्तीच ‘ईस्टर्न हेल्थ डिस्ट्रिक्ट’ म्हणून विद्यार्थ्यांचे अभ्यासक्षेत्र झाली. त्याच वर्षी रॉकफेलरच्या साहाय्याने कलकत्त्यात अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्था उभी राहिली. पुढे सिंगूरची खेडी तिच्या विद्यार्थ्यांची पाठशाळा ठरली. रोझ यांचा आग्रह असा मागच्या दाराने अभ्यासक्रमात परतला.

६/ कालांतराने अमेरिकेत पाच मूलविषय स्थिरावले : जीवसांख्यिकी, साथरोगशास्त्र, पर्यावरणीय आरोग्य, आरोग्य प्रशासन, सामाजिक व वर्तनविज्ञान. यांत शस्त्रक्रिया नाही, औषधयोजनाही नाही.

७/ हा अभ्यासक्रम महाराष्ट्रातही पोहोचला. हॉपकिन्समध्ये शिकून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम आरंभले. १९८० च्या दशकात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तेथूनच गडचिरोलीस आले.

८/ राणी बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तक्रार असलेल्यांची आणि नसलेल्यांचीही. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळला. यापूर्वी तपासणी आणि उपचार लाभले होते केवळ ८ टक्क्यांना. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे प्रसिद्ध केले. रुग्णालयाच्या नोंदवहीवर विसंबले असते, तर या दुखण्याचा आवाका कोणालाच कळला नसता.

९/ पुढे नवजात बालकांच्या घरच्या घरी शुश्रूषेचा प्रयोग झाला. ३९ गावांत गावातीलच प्रशिक्षित स्त्रिया ही सेवा देत. ४७ गावे तुलनेसाठी होती. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला (१९९९). तुलनेची गावे नसती, तर हे श्रेय त्या स्त्रियांचे की बदलत्या काळाचे, हे ठरवता आले नसते.

१०/ आज भारतातही अनेक ठिकाणी एम.पी.एच. शिकवले जाते. एखाद्या संस्थेचा अभ्यासक्रम हाती आला, तर क्षेत्रकार्याला किती आठवडे दिले आहेत, ते आधी पाहावे. वेल्च आणि रोझ यांच्यातील वादाचा तेथील निकाल त्या आकड्यात सापडेल.