मंडईनंतरचे ताट

भाऊबीज झाली की भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीच्या जिल्ह्यांत मंडयांचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम सुरू होतो. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. तुमसर तालुक्यातले बपेरा हे मध्य प्रदेशच्या सीमेलगतचे गाव. अशा गावांतल्या सोयरिकी सीमेवर थांबत नाहीत. पलीकडे बालाघाट जिल्ह्यात पाहुणे असतात आणि मंडई तिकडेही भरते. हलके धान नुकतेच कापून झालेले, लेकीबाळी माहेरी आलेल्या, फराळाचा डबा अर्धा भरलेला, रात्री दंडारीचे लोकनाट्य नाहीतर नाटक आणि त्यापायी जागरण. आहार आवरून बसलेल्या माणसाची परीक्षा इथे एका दिवसाची नसते, काही आठवडे चालते.

मंडईत कमी कसे जेवावे हा या लेखाचा विषय नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे ऐकणारा मंडईला गेला की विसरतो. जेवण होऊन गेले, हात धुतले, आता दुसऱ्या दिवशी काय, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. एका पंगतीने आहाराचे फारसे बिघडत नाही; बिघडते ते त्या पंगतीकडे मोडलेल्या व्रतासारखे पाहिल्याने, असे माझे मत आहे. पुढचे विवेचन त्याच्या पुराव्याचे.

वजनकाटा काय सांगतो

समजा, एरवी ८०० कॅलरींचे जेवण घेणाऱ्याने मंडईच्या दिवशी एका बैठकीत २,५०० कॅलरी खाल्ल्या. हे अवघड नाही. मध्यम आकाराच्या एका बेसनलाडवात १५० ते २०० कॅलरी असतात, शिजलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे १३०, आणि तळलेल्या वड्यांचा हिशेब तर कोणी ठेवत नाही. जादा झाल्या १,७००. एक किलो शरीरचरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. सगळ्या जादा कॅलरी थेट चरबीत गेल्या असे धरले तरी ती सव्वादोनशे ग्रॅमच्या आत भरते. सकाळी काटा मात्र दीड-दोन किलो वाढ दाखवतो. मग बाकीचे वजन कशाचे?

बरेचसे पाण्याचे. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, मावतो. त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरले जाते. बेताने खाणाऱ्याचा हा साठा बराच रिकामा असतो. भात, पुरी, लाडू पोटात पडले की तो भरू लागतो, आणि २०० ग्रॅम साठा भरला तरी पाण्यासकट ८०० ग्रॅमची भर पडते. त्यात मिठाचा वाटा वेगळा. शरीरातल्या द्रवाचा खारेपणा सलाइनच्या बाटलीएवढा, लिटरला ९ ग्रॅमच्या आसपास, राखला जातो. चिवडा, शेव, लोणचे आणि रस्सा यांतून चार-पाच ग्रॅम मीठ जास्त गेले, तर मूत्रपिंडे ते बाहेर टाकेपर्यंत अर्धा लिटर पाणी थांबून राहते. उरलेले वजन आतड्यातल्या अन्नाचे. नेहमीच्या जेवणावर आले की हे सारे दोन-चार दिवसांत उतरते.

डाएटच्या पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरलेले वजनही बहुतांशी हेच पाणी असते. तेव्हा मात्र काट्यावर कोणी शंका घेत नाही, पेढे वाटले जातात.

नुकसान कुठे होते

१९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चव सांगण्याच्या निमित्ताने काही विद्यार्थिनींना बोलावले. काहींना आधी काहीच दिले नाही, काहींना एक मिल्कशेक दिला, काहींना दोन. मग सर्वांसमोर आइस्क्रीम ठेवले आणि हवे तेवढे खा म्हटले. एरवी मोकळेपणाने खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्ले. पोट भरले होते, सरळ गोष्ट आहे. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्या मुलींचे उलटे झाले. मिल्कशेक घेतल्यावर त्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्ले. आजचा दिवस गेलाच आहे, आता काय राखायचे, हा तो हिशेब. दहा वर्षांनी, १९८५ मध्ये, मार्लट आणि गॉर्डन यांनी व्यसनमुक्तीच्या संदर्भात अशीच गोष्ट मांडली: एकदा पाय घसरणे वेगळे आणि जुन्या वाटेला पुन्हा लागणे वेगळे, आणि पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करणारी मुख्य शक्ती म्हणजे घसरलेल्याने स्वतःबद्दल काढलेला निष्कर्ष.

आपल्याकडे हा निष्कर्ष तयारच असतो, कारण पथ्य पाळण्याची आपली सवय व्रतांतून आली आहे. व्रत अखंड असते किंवा भंगते. मधली अवस्था नाही. चतुर्थीला दुपारी चुकून शेंगदाण्याऐवजी फुटाणे खाल्ले तर उपास अर्धा राहिला असे कोणी म्हणत नाही. धर्माचरणात या काटेकोरपणाला अर्थ आहे. वजनाच्या बाबतीत तो घातक ठरतो, कारण शरीर दिवसाची पावती फाडत नाही. ते आठवड्यांची, महिन्यांची बेरीज करते. बपेऱ्यात दुपारी भरपेट जेवलेला माणूस ‘आज मोडलेच’ म्हणून रात्री दंडारीच्या वेळी पुन्हा चिवड्याच्या डब्यात हात घालतो, उद्या ‘सोमवारपासून सुरू करू’ म्हणतो, आणि सोमवारी शेजारच्या गावची मंडई असते.

अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १९५ प्रौढांची वजने सणासुदीच्या आधी, दरम्यान आणि नंतर मोजली गेली. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतच्या सणाच्या काळात सरासरी वाढ निघाली अवघी ०.३७ किलो, स्वतः त्या लोकांचा अंदाज याच्या कितीतरी पट होता. पण ही वाढ पुढे वर्षभरात उतरली नाही, हीच त्या पाहणीतली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. सणाचे जेवण वाटते तेवढे जड नसते. नेहमीच्या जेवणावर परत न येण्याची सवय मात्र वर्षानुवर्षे साचते.

प्रायश्चित्ताचा मोह

व्रत मोडले की प्रायश्चित्त आलेच. मंडईच्या दुसऱ्या दिवशी काही जण दिवसभर फक्त लिंबूपाण्यावर राहतात, काही दोन तास चालत सुटतात. यातून काय होते ते दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटात दिसले. अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे सगळे विचार अन्नाभोवती फिरू लागले, आणि पोटभर खायची मोकळीक मिळाल्यावर कित्येकांना तृप्तीची जाणीवच होईना. ते खातच राहिले. एका दिवसाचा कडक उपास म्हणजे मिनेसोटा नव्हे, पण दिशा तीच. सकाळी शिक्षा, दुपारी भूक, रात्री दुप्पट जेवण. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही आपल्याकडे चेष्टेत म्हटली जाणारी गोष्ट भुकेच्या शास्त्राला धरूनच आहे.

येथे एक भेद करायला हवा, कारण आयुर्वेदाचे नाव घेऊन लंघनाचा सल्ला देणारे घरोघरी असतात. चरकाने सूत्रस्थानात लंघनाचे दहा प्रकार सांगितले. उपवास त्यांपैकी एक, व्यायाम एक, पाचन एक. आधीचे अन्न पचण्यापूर्वी पुन्हा खाण्याला, म्हणजे अध्यशनाला, त्याने दोष दिला. त्यामुळे मंडईच्या दुसऱ्या दिवशी खरोखर भूक नसेल तर सकाळचे जेवण पुढे ढकलणे अगदी योग्य. भूक लागूनही स्वतःला शासन म्हणून न जेवणे ही वेगळी गोष्ट, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. त्याच चरकाने अपथ्य सोडून पथ्याकडे यायचे ते चतुर्थांशा-चतुर्थांशाने, पादांशिक क्रमाने, असे सांगितले आहे. पंचकर्मातल्या शोधनानंतरचा संसर्जन क्रमही असाच: आधी पातळ पेया, मग दाट विलेपी, मग यूष, आणि सावकाश नेहमीचे अन्न. तो क्रम मंडईच्या जेवणासाठी सांगितलेला नाही, हे खरे. पण जिथे शरीर सर्वांत नाजूक आहे तिथेसुद्धा परतीची वाट एकदम उडी मारून पार करायची नाही, अशी त्या वैद्यांची दृष्टी होती. तांदळाच्या मुलखात पेज कोणाला शिकवावी लागत नाही.

कोणते जास्त जेवण

सगळे जास्त जेवण एका जातीचे नसते. सणाचे जेवण ठरवून होते. त्याला उपायाची गरज नाही. आग्रहाचे जेवण यजमानाच्या घरी होते, ‘घ्या ना जी, मंडईचा दिवस आहे’ म्हणत वाढपी भाताचा डोंगर करतो. तिथे कमी पडते ती योजना, इच्छाशक्ती नव्हे. एका दिवसात चार घरी जायचे असेल तर जेवण कोणत्या घरी आणि चहा कोणत्या घरी हे निघतानाच ठरवावे लागते, आणि जेवणाच्या घरी पानावर शेवटचा घास शिल्लक ठेवून सावकाश बसावे लागते; रिकामे पान म्हणजे वाढप्याला आमंत्रण.

तिसरे उपाशीपोटीचे. ‘संध्याकाळी मंडईला जायचे आहे’ म्हणून सकाळपासून काही न खाणारा माणूस पंगतीत सर्वांत जास्त जेवतो. याचा उपाय मंडईच्या आधी आहे, नंतर नाही. चौथे मनाच्या भरातले: एकट्याने, लपून, वेगाने, थांबता न येता. त्याचा विचार शेवटी.

परत येण्याची रीत

रीत कंटाळवाणी आहे, आणि तेच तिचे सामर्थ्य. पुढचे जेवण नेहमीचे, नेहमीच्या वेळी. भरपाईसाठी कमी केलेले नाही आणि ‘मोडलेच’ म्हणून वाढवलेलेही नाही. ताटात भात नेहमीच्या मापाचा, वरण किंवा डाळ भरपूर, एखादी पालेभाजी, सोबत ताक. ताकात मीठ नको. पाणी तहानेप्रमाणे. जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटे पायी फिरणे, कारण तेवढ्याने जेवणानंतरची रक्तातली साखर खाली येते. जळालेल्या कॅलरींचा हिशेब करण्यात अर्थ नाही. रात्री दंडारीचे जागरण झाले असेल तर आधी झोप. अपुऱ्या झोपेच्या दिवशी भूक वाढते आणि तीही गोड-तळलेल्याची. काट्यावर तीन-चार दिवस चढूच नये.

फराळाचा डबा घरात ठेवायचा की वाटून टाकायचा, यावर घरात मतभेद होतात. माझे मत वाटून टाकण्याच्या बाजूचे.

महाराष्ट्रात जिचे पुष्कळ अनुयायी दिसतात, ती डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळच्या जेवणाची पद्धत, विदर्भाशी जोडलेली आहे: तिची मूळ कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची. दिवसातून दोनदा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधल्या वेळी पाणी, पातळ ताक यांवर राहा, ४५ मिनिटे चाला. तिच्यावर आक्षेप पुष्कळ आहेत; त्यांत शिरायचे येथे कारण नाही. परतीच्या दृष्टीने मात्र ती दुधारी आहे. घड्याळाचा नियम इतका ठळक की मधेच खाल्लेली एक चकलीसुद्धा भंग वाटते आणि मिल्कशेकवाला हिशेब सुरू होतो. पण त्याच नियमामुळे पुढचे जेवण कधी हे ठरलेले असते, विचार करावा लागत नाही. हा दुसरा गुण घ्यावा आणि पहिल्याला मान देऊ नये.

२००७ साली अॅडम्स आणि लीरी यांनी आधी डोनट खायला देऊन मग गोळ्या-चॉकलेटांची चव सांगायला लावणारा प्रयोग केला. काही स्त्रियांना मधल्या वेळात सहज सांगितले गेले की असे सगळेच खातात, स्वतःला फार बोल लावू नका. खाण्यावर लगाम ठेवणाऱ्यांपैकी ज्यांना हे सांगितले होते त्यांनी नंतर कमी खाल्ले. घरातल्यांनी यातून घ्यायचे ते एवढेच, की ‘काय, संपले का डाएट?’ हा विनोद ताटात दोन लाडू वाढवतो.

अपवाद

इन्सुलिन घेणाऱ्या, किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्याने जेवण टाळणे धोक्याचे. साखर एकदम खाली जाऊ शकते. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांना पाणी कमी पडले की तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो, तेव्हा निर्जळी उपास त्यांच्यासाठी नाहीच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीही भरपाईचे उपास करू नयेत. आणि आवरता न येणारे खाणे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चालले असेल, त्यामागे लाज आणि लपवालपवी असेल, तर तो आहारतज्ज्ञाचा नव्हे, मानसोपचारतज्ज्ञाचा विषय होतो. त्याला नव्या डाएटने बरे करू पाहणारा तो वाढवतो.

राहिला प्रश्न हंगामाचा. एका मंडईनंतर परत येणे सोपे. पाच आठवड्यांत पाच मंडया असतील तर? तेव्हा मोजमाप एका सकाळचे उपयोगाचे नाही. दिवाळीच्या आधी एकदा वजन घ्यावे आणि भारी धानाची चुरणी आटोपून मंडया सरल्यावर, नेहमीच्या जेवणाचा आठवडा गेल्यावर, पुन्हा एकदा. मधली चढउतार पाण्याची; या दोन आकड्यांतला फरकच खरा. तो अर्ध्या किलोच्या वर निघाला तर दोष पंगतींवर ढकलण्याआधी दोन मंडयांच्या मधले साधे दिवस तपासावेत, कारण पाच पंगतींच्या मानाने ते कितीतरी जास्त असतात.